पोरक्याची वहिनी

"यातला एक मिनिटाचा तुकडा काढ, वहिनी. मी घराबद्दल बोलतो ना, तो. दुपारच्या आत टाक, त्या वेळी लोक जास्त बघतात," असं सांगून, उभ्याउभ्याच चहाचे दोन घोट घेऊन टिल्लू तालमीला निघून गेला आणि वहिनीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून कानात इयरफोन घातले. समोर तिचा नवरा अंडं सोलत बसला होता. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून तारा आणि दोर तपासणाऱ्या त्या माणसाला फार बोलायची सवय नव्हती, पण धाकट्या भावाची पहिली मोठी मुलाखत आली आहे म्हटल्यावर तो आज जरा रेंगाळला होता.

एकेचाळिसाव्या मिनिटाला मुलाखतकाराने आवाज खाली आणला. "पोरका हेच नाव का घेतलंस?"

पडद्यावरचा टिल्लू गप्प राहिला. उत्तराआधी एक श्वास घ्यायचा, घाई करायची नाही, हे वहिनीनेच त्याला शिकवलं होतं. मग तो म्हणाला, "आईबाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादाकडे राहिलो, पण घर वहिनीचं होतं. तिची माणसं खोलीत झोपायची, मी स्वयंपाकघराच्या फरशीवर. खोलीला आतून कडी लागायची. सगळ्यांचं जेवून झालं की उरलंसुरलं माझ्या वाट्याला. त्या कडीचा आवाज ऐकत ऐकत मी पहिला रॅप लिहिला."

वहिनीने तो भाग मागे नेला आणि पुन्हा ऐकला. मग पुन्हा एकदा... आपल्याच कानांनी काही चूक केली असेल या वेड्या आशेने. 

"काय म्हणतोय आपला हिरो?" नवऱ्याने विचारलं.

"चांगलं बोललाय," ती म्हणाली. तो समाधानाने हात धुवायला उठला.

फरशी खरी होती. कडी खरी होती. उरलंसुरलंही खरं होतं. खोटा होता तो फक्त त्यातला माणूस... या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढंच होतं, आणि दाराशी दम्याने धापा टाकणारा नऊ वर्षांचा एक काटकुळा मुलगा उभा होता. स्वयंपाकघरातली ओल त्याला बाधते असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा खोली त्याला दिली गेली आणि ती दोघं फरशीवर आली. दुपारी तो शाळेतून येतो तेव्हा घरी कोणीतरी हवं, म्हणून तिने नर्सिंगचा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षाला सोडला. पुढे तो त्या खोलीत गाणी रेकॉर्ड करू लागला तेव्हा तिने भिंतींना गोधड्या ठोकल्या, आणि बाहेरचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून तोच आतून कडी लावू लागला. त्याचं होईपर्यंत ती भांडं घासत नसे, नळ सोडत नसे, आणि मग उरलेलं जे काही असेल ते उभ्यानेच खाऊन घेई. तिला त्याचं कधी दुःख वाटलं नव्हतं. ते दुःख होतं हे आज पहिल्यांदा तिला कोणीतरी सांगत होतं, आणि सांगणारा ते स्वतःचं म्हणून सांगत होता.

तीन वर्षांपूर्वी टिल्लूचे लागोपाठ दोन कार्यक्रम हुकले होते. एकदा त्याने मेल उघडलाच नाही, एकदा तारीख चुकली. तेव्हा दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून पेशंटना वेळा देणारी वहिनी म्हणाली, "दे इकडे. एवढं तर मी रोज करते." तेव्हापासून पोरका या नावाने येणारा प्रत्येक मेल आणि मेसेज तिच्या हाताखालून जाऊ लागला. आलेल्या मेलला चोवीस तासांत उत्तर. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आयोजकांना फोन करून खात्री. स्टेजवर किती माइक लागतील, बीट कशावरून वाजेल, याची एका पानाची यादी. सगळीकडे तोच फोटो, तीच अक्षरं, तोच काळा-पिवळा रंग, म्हणजे माणूस कुठूनही आला तरी त्याला आपण ओळखू यावं. "कलाकार ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी येतो, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं," असं एका आयोजकाने लिहिलं, तेव्हा तिने तो मेल चारदा वाचला होता. लोकांना वाटे पोरक्याचं एक ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दवाखान्यातलं तिचं टेबल आणि दोन पेशंटांच्या मधली सात मिनिटं.

आणि गेल्या वर्षी तो एका एकदिवसीय शिबिराला गेला. स्वतःच्या जिवावर गाणाऱ्यांनी स्वतःची ओळख कशी घडवावी, असा काहीसा विषय होता. परत आला तो पार अस्वस्थ होऊन. खोलीत येरझारा घालत म्हणाला, "ते म्हणतात, आवाज पुष्कळांकडे असतो, गोष्ट कोणाकडे आहे? वहिनी, माझ्याकडे गोष्टच नाही. मी लाडात वाढलोय."

ती खूप हसली होती. "मग काय, आता आम्ही छळ करायला घेऊ का तुझा?"

आज तो विनोद आठवून तिच्या अंगावर काटा आला.

तरीही तिने तो तुकडा कापला. एका मोठ्या कार्यक्रमाचे आयोजक या आठवड्यात त्याचं पेज बघणार होते, तीन दिवसांचा कार्यक्रम, हजारो माणसं, त्याचं सात वर्षांचं स्वप्न. तिने चौकटीसाठी त्याचा खाली घातलेल्या डोळ्यांचा चेहरा निवडला, खाली अक्षरं घातली, 'त्या कडीचा आवाज', आणि बटण दाबून ती कामाला निघाली.

संध्याकाळपर्यंत तो तुकडा लाखभर लोकांनी पाहिला. कमेंटी येऊ लागल्या. अशा बायकांना चौकात उभं केलं पाहिजे. देव तिला म्हातारपणी असंच उरलंसुरलं खायला घालो. ती हलकट बाई आता तुझ्या यशावर मिरवत असेल ना, भावा? आणि प्रत्येकाला उत्तर देणं हे वहिनीचं काम होतं. पोरक्याच्या ढंगात, पोरक्याच्या नावाने ती लिहीत राहिली... मनापासून आभार, भावा. तुमचं प्रेम हेच माझं घर. लिहिताना तिला वाटे, आपण आपल्याच तिरडीला खांदा देतोय, आणि वर वळणदार अक्षर काढतोय.

दवाखान्यात एका लहान पेशंटची आई हातातला फोन दाखवत म्हणाली, "ऐकलंत का याचं? कशा कशा बायका असतात जगात."

"पुढच्या बुधवारी साडेपाच चालेल का तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

टिल्लूला काहीच कळत नव्हतं असं नाही. एकदा जेवताना, ताटावरून नजर न उचलता तो म्हणाला, "वहिनी, ते मनावर घेऊ नकोस हं. ती गाण्यातली वहिनी आहे. तू वेगळी."

"मला कळतं रे," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. चालताना ती थांबे, थांबली की पुन्हा चालू लागे. डबा भरता भरता फोन बघे, फोन ठेवला की आपण कशाला आलो होतो तेच विसरे. दोन मजले चढून गेल्यावर आपण शेजारच्याच इमारतीत शिरलो आहोत हे तिला कळे. नवऱ्याला तिने काहीही सांगितलं नाही. तो फोनवर फक्त हवामान बघत असे, त्यामुळे ते लपलंही.

त्या मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजकांचा होकार आला. आणि त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी चारला, दवाखान्यात ड्रिलचा आवाज चालू असताना तो मेसेज आला.

'दादा, मी निघाले. तू निघाला असशील तशीच. माझी पण वहिनीच आहे. बस स्टँडवर आहे. बॅग घेतलीय. तुझी क्लिप बघून हिंमत आली. थँक यू.'

 वहिनीने स्वतःच्या फोनवरून टिल्लूला फोन लावून पाहिला, मग दवाखान्याच्या. तो स्टुडिओत होता, फोन बंद. बस तर त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

'तुझं वय किती?' तिने लिहिलं.

'पंधरा.'

'घरी कोणी मारतं का तुला? खरं सांग.'

'मारत नाही. पण नापास झाले म्हणून सगळ्यांसमोर बोलली. फोन काढून घेतला होता. मी तिला नकोच आहे. पाच वाजताची बस आहे.'

"पुढचे पेशंट पाठवा," आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. वहिनीने एका म्हाताऱ्या गृहस्थांना आत सोडलं आणि परत येऊन लिहिलं, 'कुठे जाणार आहेस? कोणाकडे?'

'माहीत नाही. तू कुठे गेला होतास?'

 टिल्लू कुठेच गेला नव्हता. 'मी सांगतो,' तिने लिहिलं, 'पण आधी तू गर्दीत, बायका बसल्यात तिथे जाऊन बस. तुझ्यावर चिडणार नाही असं एक तरी माणूस सांग मला.'

 उत्तर आलं, 'मावशी.'

'तिला फोन कर. ती येईपर्यंत मी इथे आहे.'

'तू का थांबवतोयस मला? तुला तर तुझ्या वहिनीने फरशीवर झोपवलं. तू मला समजून घेशील असं वाटलं होतं.'

चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. वहिनी त्या ओळीकडे बघत राहिली. तीन वर्षांत पोरक्याच्या नावाने तिने असा एकही शब्द लिहिला नव्हता जो टिल्लूने स्वतः उच्चारला नसता. ते तिचं व्रत होतं, तिचा धर्म होता. त्याच्या नावावर एक डाग पडू नये म्हणून तिने स्वतःच्या नावाचं पायपुसणं होऊ दिलं होतं... आणि आता एक परकी पोर त्याच नावावर विश्वासून बॅग घेऊन एकटी बसली होती.

तिने लिहिलं, 'नाही झोपवलं. ते मी बनवून सांगितलं. खोली मला दिली होती, फरशीवर ती झोपायची. कडी मीच लावायचो. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी खोटं बोललो. माझ्या खोट्यावर तू घर सोडू नकोस, बाळा. मावशीला फोन कर.'

'बाळा' हा शब्द पोरक्याचा नव्हता. तो तिचाच निसटून गेला होता.

पाचची बस गेली. ती मुलगी बसली नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी मावशी पोचल्याचा मेसेज आला, त्यापाठोपाठ एक रडणारा चेहरा, आणि वहिनी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करत पदराने डोळे टिपू लागली. "अहो, काही झालंय का?" शेजारच्या खुर्चीतल्या बाईने विचारलं. "पिन पडली," ती म्हणाली.

त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या जगाला अभिमानाने सांगितलं की पोरक्याने मला वाचवलं, माझ्यासाठी स्वतःचं खोटंसुद्धा कबूल केलं. सोबत त्या संभाषणाचा फोटो. लोकांनी पहिलं वाक्य वाचलंच नाही. संध्याकाळी सहापर्यंत पोरका हे नाव सगळीकडे होतं, आणि त्यापुढे 'खोटारडा' हा शब्द. साडेसहाला मोठ्या आयोजकांचा मेल आला. दोनच ओळी, अतिशय सभ्य. वहिनीने आयुष्यात असे पुष्कळ मेल लिहिले होते, त्यामुळे अर्थ लगेच कळला.

टिल्लू घरात शिरला तो पांढराफटक पडून.

"तू लिहिलंस हे?"

"हो."

"माझ्या नावाने? मला न विचारता?"

"फोन लावला होता तुला. बस पाचची होती..."

"सात वर्षं, वहिनी. सात वर्षं घासलीत मी. एका ओळीत तू सगळं धुऊन टाकलंस. तुला राग होता ना त्या मुलाखतीचा? सरळ भांडायचं होतंस माझ्याशी. असा सूड कशाला घेतलास?"

 

"मुलाखतीचा कसला राग?" दारात बूट काढत असलेल्या तिच्या नवऱ्याने विचारलं. "काय बोललास तू?"

 त्याने टिल्लूच्या हातातला फोन घेतला आणि तिथेच, एका पायात बूट असताना, तो मिनिटभराचा तुकडा सबंध पाहिला. मग फोन परत दिला.

"फरशीवर कोण झोपायचं रे?" त्याने शांतपणे विचारलं.

टिल्लू खाली बघत राहिला.

"मी विचारतोय."

"अहो, जाऊ द्या," वहिनी कळवळून म्हणाली.

"तुझी पाठ धरली त्या गारव्याने. अजून सकाळी भिंत धरून उठतेस तू. जाऊ द्या काय." त्याचा आवाज चढला नाही, पण फाटला. "तू निघ, टिल्लू. तुझं तोंड बघवत नाही मला आज."

टिल्लू बॅग भरून एका मित्राकडे गेला. वहिनी जिन्यापर्यंत धावली, आणि काय बोलावं ते न सुचून नुसती म्हणाली, "पंप घेतलास का दम्याचा?" तो थांबला नाही.

पुढचे चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. तिने सगळ्या खात्यांचे पासवर्ड, ठरलेल्या तारखा, कोणाला फोन करायचा राहिलाय, कोणता आयोजक चिडका आहे आणि कोणाशी आधी हवापाण्याचं बोलावं लागतं, हे सगळं व्यवस्थित लिहून त्याला पाठवलं. शेवटी एवढंच लिहिलं, 'यापुढे तूच बघ. तुझ्या नावाने बोलायचा हक्क मी गमावला.' आणि पेजवरून बाहेर पडली. हात मोकळे झाले, पण मन... ते खिडकीच्या काचेवर आपटणाऱ्या माशीसारखं त्याच जागी आपटत राहिलं. दवाखान्यात तिने एकाच वेळेला दोन पेशंट बोलावले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी तिने यादी संपवून मान वर केली, तर ओळीतल्या शेवटच्या खुर्चीत टिल्लू बसला होता. सहा फुटांचा तो देह गुडघे आखडून, दात दुखणाऱ्या मुलांच्या शेजारी.

"तुमची वेळ घेतली होती का?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"नाही," तो म्हणाला. "पण बसतो मी. सगळ्यांचं झाल्यावर."

तो दीड तास बसला. शेवटचा पेशंट गेल्यावर टेबलाशी आला. डोळे सुजलेले होते.

"पेज मी स्वतः उघडलं, वहिनी. पहिल्यांदाच. सगळं वाचलं. ती मुलगी... तू तासभर तिच्याशी बोलत होतीस. मी असतो तर मेसेज बघितलाच नसता." त्याने खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. "आणि त्या कमेंटी. तुला शिव्या देणाऱ्यांचे आभार मानलेस तू. एकूण एक."

"उत्तर द्यायचंच असतं. नाहीतर लोक..."

"वहिनी, थांब ना." तो म्हणाला. "त्या शिबिरातून आल्यावर मी गोष्ट शोधत बसलो होतो. खूप शोधली. मग या घरात दुःख कोणी भोगलं ते आठवलं, आणि ते उचललं. ते सगळं तुझं होतं. मी तुझं आयुष्य चोरलं, आणि चोर म्हणून तुलाच उभं केलं."

इतक्या दिवसांचा आवरून धरलेला बांध तिथेच फुटला. वहिनी टेबलावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली, आणि तो पलीकडून, मधल्या कागदांवरून हात लांबवून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, दोघांकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा आत गेल्या.

घरी भावाने दार उघडलं, पण रस्ता दिला नाही. टिल्लू वाकला तेव्हा तो म्हणाला, "माझ्या पाया पडून काय उपयोग. जिथे बोललास तिथे बोल."

ते त्याच संध्याकाळी झालं. स्वयंपाकघरात, दिवाबत्तीच्या वेळेला. उजेड कमी पडत होता म्हणून भावाने लिफ्टच्या कामाचा दिवा आणून न बोलता हातात धरला. फोन वहिनीने धरला. टिल्लू बोलू लागला आणि पहिल्याच मिनिटात रडू लागला.

"परत घे," वहिनी म्हणाली. "पहिलं वाक्य फार लांब आहे. आणि रडू नकोस, लोकांना वाटेल हेही बनवलेलंच. सरळ सांग."

त्याने डोळे पुसले आणि सरळ सांगितलं. मी खोटं बोललो. खोली माझी होती, फरशी तिची होती. त्या मुलीला मी वाचवलं नाही, माझ्या वहिनीने वाचवलं. हे पेज तीन वर्षं तीच चालवते, इथे तुम्हाला जी समंजस उत्तरं मिळाली ती तिची.

वहिनीने फोन खाली घेतला. "हे शेवटचं काढून टाकू या. लोकांना तुझ्याशी बोलायचं असतं."

"मग आजपासून मी बोलेन. तू शिकव मला. पण ते वाक्य राहील."

"राहू दे," दिव्यामागून भाऊ म्हणाला. हात भरून आला होता तरी त्याने दिवा खाली केला नव्हता.

मोठे आयोजक परत आले नाहीत. निम्मे लोक निघून गेले, काही जण आजही त्याच्या प्रत्येक गाण्याखाली 'खोटारडा' लिहून जातात, आणि तो त्यांनाही उत्तर देतो. एका वाचनालयाच्या छोट्या सभागृहाने मात्र ठरलेली तारीख मोडली नाही. दीडशे खुर्च्या, दोन माइक. तिथे तो पोरका या नावाने शेवटचं गायला. नवं नाव अजून ठरलेलं नाही. रोज एक सुचतं, रोज वहिनी ते खोडते.

एका रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात बसून दोन बोटांनी मेल लिहीत होता, दर ओळीला अडत, आणि वहिनी खोलीतल्या पलंगावर टेकली ती तिथेच झोपून गेली. कित्येक महिन्यांनी तिला अशी दिवसाढवळ्या झोप लागली होती, गाढ, हात उशाशी घेऊन. तिच्या उशाजवळचा फोन थरथरला. टिल्लू पाय न वाजवता आत आला, फोन उचलला, आणि बाहेर जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "नमस्कार... नाही, त्या झोपल्यात. उठवणार नाही मी. तुम्ही बोला ना, मी लिहून घेतो."